आधी आसरा, मग चौकशी : शोषित मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी केडगावात काय उभं केलं?

लैंगिक अत्याचाराची बातमी मोबाइलवर आली की तिच्याखालच्या कमेंट वाचून बघा. ती तिथं गेलीच कशाला? एवढ्या उशिरा बाहेर काय करत होती? आईबापाचं लक्ष नव्हतं का? इतके दिवस गप्प का बसली? जवळपास सगळे प्रश्न मुलीला असतात. ज्यानं अत्याचार केला त्याला विचारायचे प्रश्न कुणाला सुचतच नाहीत.

सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एका बाईनं हा क्रम उलटा केला. दारात आलेल्या मुलीला आधी जेवण, अंघोळ, कपडे आणि झोपायला सुरक्षित जागा. तिची जात कोणती, तिच्यावर काय ओढवलं, चूक कुणाची, हे सगळं नंतर. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

आधी एक खुलासा. मराठीत तीन रमाबाई प्रसिद्ध आहेत आणि सोशल मीडियावर त्यांचे फोटो सर्रास एकमेकींच्या नावानं फिरतात. रमाबाई रानडे या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी आणि पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ. रमाबाई आंबेडकर म्हणजे बाबासाहेबांच्या पत्नी, माता रमाई. आणि पंडिता रमाबाई म्हणजे माहेरच्या डोंगरे, संस्कृत विदुषी, केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक. ही गोष्ट तिसऱ्या रमाबाईंची.

वडिलांचा हट्ट आणि जंगलातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथला. ही जागा आज कर्नाटकात येते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी त्यांनी पुण्यात पेशव्यांच्या घरातल्या बाईला संस्कृत शिकताना पाहिलं होतं. आपल्या बायकोलाही शिकवायचं हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं. लोकांनी विरोध केला, धर्मसभेत जाब विचारला गेला, तरी त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलंच. पुढे लक्ष्मीबाईंनी धाकट्या लेकीला, म्हणजे रमाला, पहाटे उठवून श्लोक शिकवले.

एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या आणि अनंतशास्त्री चाळिशी ओलांडलेले. त्या काळात याला कुणी गुन्हा म्हणत नव्हतं. रमाबाईंचं मात्र त्यांनी लहानपणी लग्न लावलं नाही.

हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि पुराण ऐकायला, दक्षिणा द्यायला कुणी उरलं नाही. उपासमारीत आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण गेली. राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अर्धपोटी पायी फिरत राहिले. पोटात अन्न नसलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या तरुण मुलीकडे जग कसं बघतं हे रमाबाई त्या वर्षांत शिकल्या. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथं आहे.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊही वारला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगी ब्राह्मण, मुलगा शूद्र मानलेल्या जातीतला, प्रांतही वेगळा. दोन्हीकडच्या समाजानं तोंड फिरवलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर तान्ही मुलगी होती.

त्या वेळी महाराष्ट्रात काय चाललं होतं?

रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या. तेव्हा इथली अवस्था समजून घ्यायला हवी, कारण तिच्याशिवाय हे काम कळत नाही.

वरच्या म्हणवणाऱ्या जातींत आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं व्हायची. नवरा मेला की केशवपन, एक वेळचं जेवण आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीत आयुष्य. अशी मुलगी घरातल्याच एखाद्या पुरुषाच्या हाती लागली आणि दिवस गेले तर तिच्यापुढे वाटा उरायच्या त्या आत्महत्या, बाळाचा जीव घेणं किंवा घरातून हाकलून दिलं जाणं. पुरुषाचं नाव बाहेरच येत नसे. म्हणून तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. म्हणून तर ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये स्त्रीपुरुषतुलना लिहून विचारलं, की दोष दोघांचा असेल तर शिक्षा एकटीला का?

रमाबाईंनी त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला. सरकारनं नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर हवेत अशी मागणी केली. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं आणि डॉक्टर व्हायचं ठरवून १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंड गाठलं.

लंडनमधलं ते घर

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावी एका अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न तिथंच संपलं. पण सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं एक काम दाखवलं आणि तिथं त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं.

देहविक्रयात अडकलेल्या, फसवून टाकून दिलेल्या बायकांसाठी ते घर होतं. समाज ज्यांना पतित म्हणायचा त्यांची सिस्टर शुश्रूषा करत होत्या, त्यांच्यासोबत जेवत होत्या, त्यांना काम शिकवत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. त्यांनी शास्त्रं पाठ केली होती. अशा बाईसाठी त्यांत कठोर शिक्षा होत्या, परत उभं राहायचा रस्ता नव्हता. या बायकांची सेवा कशासाठी करता, असं त्यांनी सिस्टरांना विचारलं. उत्तरादाखल सिस्टरांनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला दिली.

गोष्ट साधी आहे. पाच नवरे झालेली, गावानं वाळीत टाकल्यासारखी बाई भर दुपारी एकटी विहिरीवर येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिचा इतिहास त्याला ठाऊक असतो, तरी तो तिच्याशी बरोबरीनं बोलतो. त्याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. व्यभिचारात पकडलेली म्हणून एका बाईला दगड मारायला लोक उभे करतात. तिच्यासोबतचा पुरुष त्या गर्दीत कुठंच दिसत नाही. येशू दगड घेतलेल्यांनाच आपापला हिशोब तपासायला लावतो आणि एकेक जण निघून जातो.

रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे ओढणाऱ्या गोष्टी अनेक होत्या. फादर नेहेम्या गोरे यांच्याशी झालेली चर्चाही त्यात होती. पण बाईला परत उभं करणारा धर्म, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुण्यात खळबळ उडाली. टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र सत्सार या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. गंमत अशी, की चर्चलाही रमाबाई सोप्या गेल्या नाहीत. कुणी सांगितलं म्हणून मानायचं हे त्यांना जमत नव्हतं. वाँटेजच्या सिस्टरांशी त्यांचा धर्मशिकवणीवरून पत्रांतून लांबलचक वाद चालला. त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या आणि पांढरं लुगडं नेसत राहिल्या.

कायदा तेव्हा कुठं होता?

मुलींचं शोषण हा फक्त हिंदुस्थानचा प्रश्न आहे असं तेव्हाचे इंग्रज मानायचे. ते खरं नव्हतं. १८८५ मध्ये पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांनी लंडनमध्ये लहान मुली कशा विकत मिळतात हे छापलं आणि देश हादरला. त्याच वर्षी इंग्लंडनं संमतीचं वय १३ वरून १६ केलं. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत तर हे वय १० होतं आणि ते वाढवण्यासाठी तिथल्या स्त्रियांनी मोहीम उघडली होती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या. तिथं त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या अवस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १८८७ मध्ये आलं. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल मिळाला होता. लहानपणी झालेलं लग्न न मानणाऱ्या रखमाबाईंची बाजू रमाबाईंनी उघडपणे मांडली.

हिंदुस्थानात संमतीचं वय १० होतं. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली, आणि १८९१ मध्ये ते १२ करण्यात आलं. या दोन वर्षांच्या वाढीलाही महाराष्ट्रात केवढा विरोध झाला! धर्मात सरकारनं हात घालू नये, असं टिळकांसह अनेकांचं म्हणणं होतं. आज हे वय १८ आहे. मधल्या प्रत्येक वर्षासाठी कुणीतरी भांडलेलं आहे.

शारदा सदन आणि १८९३ चा वाद

अमेरिकेतल्या मदतीच्या जोरावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवा मुलींची निवासी शाळा. पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. हिंगण्याच्या संस्थेच्या मागे उभ्या राहिलेल्या बाया कर्वे त्या याच.

शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बाहेर बातमी फुटली, केसरीनं टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळावरचे रानडे आणि भांडारकर बाजूला झाले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना काही ना काही म्हणायला जागा आहे. मुलगी पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असताना आपण जे मानतो तेच ती मानू लागली, तर ती तिची निवड की आपला प्रभाव? आसरा देणाऱ्या प्रत्येक संस्थेनं, मग ती कुठल्याही धर्माची असो, हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. पण मुली काढून नेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांना पुढे शिकवलं, हाही प्रश्न तेवढाच खरा आहे.

वृंदावनात काय दिसलं?

१८९५ च्या सुमारास रमाबाई साध्वीच्या वेशात वृंदावनला गेल्या. घरच्यांनी पुण्य लागेल म्हणून आणून सोडलेल्या विधवा तिथं शेकड्यांनी होत्या. भजन म्हणायचं, मूठभर धान्य मिळवायचं. त्यातल्या तरुण विधवांना खोली देणारे, देवाच्या नावानं जवळ करणारे आणि मन भरलं की हाकलून देणारे लोक त्यांनी पाहिले. घराघरांतून मुली गोळा करून आणणाऱ्या बायकाही होत्या.

इथं शोषणाची एक बाजू स्पष्ट होते. दर वेळी जबरदस्ती दिसतेच असं नाही. भुकेल्या मुलीला कुणी भाकरी देतो, छप्पर देतो, लग्नाचं वचन देतो आणि बदल्यात शरीर घेतो. ती नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटलं तर रात्री कुठं जायचं हा प्रश्न असतो. याला संमती म्हणता येत नाही.

दुष्काळात मुली गोळा करणारे

१८९६ च्या शेवटी मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंकडे शारदा सदनाच्या खर्चापुरतेच पैसे होते. पण स्वतःच्या तरुणपणीचा दुष्काळ आठवला आणि त्या निघाल्या.

सरकारी कामांवर आणि अनाथगृहांत त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहून ठेवलंय. दिवसभर खडी फोडणाऱ्या तरुण मुलींवर मुकादमांची नजर. धान्याच्या बदल्यात होणारे सौदे. रात्री उघड्यावर झोपलेल्या पोरी. आणि गावोगाव फिरून देखण्या, एकट्या मुली हेरणारे दलाल. मदत जिथं वाटली जाते तिथंच शिकारही होते, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं.

काही महिन्यांत त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. सगळ्या जणी तिथं गेल्या, सुरुवातीला तंबूत आणि झोपड्यांत राहिल्या.

त्याच १८९७ च्या उन्हाळ्यात आणखी एक प्रकरण घडलं. प्लेगच्या सरकारी दवाखान्यात नेलेली आश्रमातली एक मुलगी परत मिळाली नाही. बायकांना तिथं कसं वागवलं जातं याबद्दल रमाबाईंनी बॉम्बे गार्डियनमध्ये पत्र लिहून जाब विचारला. सरकारनं आरोप फेटाळले, पण प्रकरण थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. वृंदावनच्या पुजाऱ्यांवर टीका करणारी बाई ख्रिस्ती राजवटीच्या अधिकाऱ्यांवरही तेवढ्याच जोरानं बोलली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मुक्ती आणि कृपा सदन

केडगावच्या वस्तीला नाव मिळालं मुक्ती. १८९८ मध्ये इमारतींची पायाभरणी झाली. १८९९-१९०० मध्ये गुजरात आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदन वरच्या जातीतल्या विधवांसाठी होतं. मुक्तीचं दार सगळ्या जातींना उघडं होतं.

अत्याचार झालेल्या, देहविक्रयातून सुटलेल्या, कुणी गरोदर तर कुणी गुप्तरोगानं आजारी अशा मुलींसाठी रमाबाईंनी वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपा सदन. फुलहॅममध्ये पाहिलेलं काम केडगावच्या माळावर उभं राहिलं. त्या वेळी अनेक परोपकारी संस्थासुद्धा अशा मुलींना दारात उभं करत नसत. चांगल्या मुली बिघडतील अशी भीती असायची.

या घरांत काम कसं चालायचं? चार गोष्टी दिसतात.

पहिली, शरीराची काळजी. खायला अन्न, औषध, स्वच्छ कपडे आणि विश्रांती. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या मुली सुरुवातीला अन्न लपवून ठेवत, चावत, पळून जात. त्याला कृतघ्नपणा समजलं गेलं नाही. आज आपण याला मानसिक धक्का म्हणतो.

दुसरी, हाताला काम. शेती, विहिरी, दूधदुभतं, विणकाम, शिवण, तेलघाणा आणि छापखाना. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सगळं मुली करत. स्वतःच्या कमाईवर जगणारी बाई पुन्हा कुणाच्या तावडीत सहज सापडत नाही, हा त्यामागचा साधा हिशोब.

तिसरी, शिक्षण. अक्षरओळखीपासून शिक्षिका आणि परिचारिका होण्यापर्यंत. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतलं आणि इथं शिकवलं.

चौथी, माणसं. मोठी मुलगी लहानीला सांभाळायची. जी काल आली होती ती आज नव्या मुलीला धीर द्यायची. आपल्यावर जे झालं ते दुसरीवरही झालंय आणि ती आज हसते आहे, हे दिसणं हाच मोठा उपचार होता.

यातल्या मर्यादाही सांगायला हव्यात. इथलं वातावरण कडक शिस्तीचं होतं. दिवस घंटेवर चालायचा. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथं प्रार्थना हा रोजच्या जगण्याचा भाग होता. आज शासनमान्य बालगृहाला किंवा महिला वसतिगृहाला असं करता येणार नाही आणि ते योग्यच आहे. एकेका मुलीला हजारोंच्या गर्दीत किती लक्ष मिळालं असेल, हाही प्रश्न उरतो.

अखेरची वर्षं

रमाबाईंनी उतारवयात ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला ते वाचता यावं, हा हेतू. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. १९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये चाळिशीतली मनोरमा गेली. तिच्याच हाती संस्था सोपवायची असं ठरलं होतं. तरीही रमाबाईंनी भाषांतराचं काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात डोळे मिटले. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. मुक्ती मिशन आजही सुरू आहे.

शहापूर-मुरबाडला याचं काय?

केडगाव पुणे जिल्ह्यात, दुष्काळ सव्वाशे वर्षांपूर्वीचा. पण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत राहणाऱ्याला ही गोष्ट जुनी वाटणार नाही. भाताची कापणी झाली की कातकरी आणि ठाकूर पाड्यांवरची कुटुंबं आजही कामाला बाहेर पडतात. वीटभट्टीचा मालक आधीच उचल देऊन ठेवतो. उचल फिटेपर्यंत कुटुंब भट्टीवर, उघड्या झोपडीत. मुलीची शाळा सुटते. तिथं मालकाच्या, मुकादमाच्या, ट्रकवाल्याच्या वाईट नजरेविरुद्ध बोलायचं कुणी? बोललं तर उचल अंगावर, काम गेलं, घरी परत जायला भाडं नाही. रमाबाईंनी दुष्काळी कामांवर जे पाहिलं त्याच्याशी हे चित्र जुळतं. भूक, कर्ज आणि एकटेपणा जिथं एकत्र येतात तिथं शोषणाला जागा मिळते.

फरक एवढाच, की आज कायदा मुलीच्या बाजूनं आहे. तो माहीत असायला हवा.

• १८ वर्षांखालच्या मुला-मुलीवरचा कुठलाही लैंगिक अत्याचार २०१२ च्या पोक्सो कायद्यात येतो. मुलगी हो म्हणाली होती, हा बचाव चालत नाही. मुलग्यांनाही हाच कायदा लागू आहे.

• असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. शिक्षक, पाळक, सरपंच, वसतिगृहाचे अधीक्षक, कुणालाही सूट नाही. गावकीत किंवा मंडळीत बसून मिटवून टाकणं बेकायदेशीर आहे.

• गुन्हा कुठंही घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. लहान मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो.

• सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी पीडितेवर तातडीनं मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. शक्य असेल तर अंघोळ करण्याआधी आणि कपडे न धुता जावं, पुरावा टिकतो. पण उशीर झाला असेल तरी जावं.

• मुलीचं नाव, फोटो, गाव, शाळा, घरच्यांची नावं टाकणं गुन्हा आहे. न्याय मिळावा म्हणून शेअर केलं तरीही.

• महाराष्ट्र सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत आर्थिक मदत मिळते.

• मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हे फोन नंबर आहेत.

मंडळीत आणि घरात काय करायचं?

हे वाचणाऱ्यांत ख्रिस्ती घरातलेही असतील. त्यांच्यासाठी रमाबाईंच्या आयुष्यातून निघणारी एक गोष्ट महत्त्वाची आहे. क्षमा कर, विसरून जा, प्रार्थना कर, असं अत्याचार झालेल्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं टाकणं. येशूनं दगड घेतलेल्यांना थांबवलं, बाईला गप्प बसायला सांगितलं नाही. रमाबाईंनीही मुलींना आधी सुरक्षित केलं आणि शोषण करणाऱ्यांची नावं, ठिकाणं, पद्धती लेखणीनं चव्हाट्यावर आणल्या. दया आणि न्याय यांतलं एकच निवडावं असं त्यांना वाटलं नाही. आणि अत्याचार करणारा मंडळीतलाच कुणी मान्यवर निघाला तर? वृंदावनला जो नियम, तोच चर्चला, मठाला, आश्रमशाळेला आणि स्वतःच्या घराला.

बाकी सगळ्यांसाठीही काम फार अवघड नाही. उद्या कुणी मुलगी, बहीण, भाची किंवा शेजारची पोर काही सांगायला आली तर तिचं पूर्ण ऐकायचं. तुझी चूक नाही, हे तिला स्पष्ट सांगायचं. तपशिलासाठी पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही, ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे. आज रात्री ती कुठं झोपणार, तिथं तो माणूस येऊ शकतो का, हे आधी बघायचं. तिला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवायचं नाही, सोबत जायचं. आणि खटला वर्षभर चालला, लोक बोलायला लागले, तरी तिचं शिक्षण आणि काम तुटू द्यायचं नाही.

रमाबाईंकडे ना पोक्सो होता, ना १०९८, ना सरकारी योजना. त्यांच्याकडे केडगावचा एक माळ होता आणि आलेल्या मुलीला परत पाठवायचं नाही हा निश्चय होता.